सवतीला सिनेमा दाखवणारी वैनी

आमची वैनी भुताचा सिनेमा कधी एकटीने बघत नसे. घरात कोणी नसलं तर गळ्यातला सवतीचा टाक पोलक्यातून बाहेर काढायची, पदराने पुसायची आणि टीव्हीकडे तोंड करून छातीवर नीट बसवायची. "बघ गो बाय," टाकाला सांगायची, "आज कोरियाचा हाय. पयला पयला गोड बोलंल, मंग केस सोरून येल. भिऊ नको." एवढं झाल्यावरच रिमोटचं बटण दाबायची. हे मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ऐकीव गोष्टी सांगायची मला सवय नाही.

आताच्या पोरांना टाक म्हणजे काय ते कळायचं नाही, म्हणून सांगतो. पहिली बायको मेली आणि नवऱ्याने दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. चांदीच्या पत्र्यावर बाईचं तोंड ठोकलेलं, अंगठ्याच्या नखाएवढं. नवं लुगडं आलं की आधी त्या टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. सणाचा पहिला घास तिला दाखवायचा. म्हणजे मेलेली दुसरीच्या संसारात खोडी काढत नाही. माझ्या थोरल्या भावाची, आम्ही त्याला दादा म्हणायचो, पहिली बायको लग्नाला वर्ष व्हायच्या आत गावच्या विहिरीत गेली. पाय घसरला, असं आमच्या घरचे म्हणत. गाव काय म्हणे ते गावाला विचारा. त्यानंतर गव्हाणहून ही वैनी आली. सतरा-अठराची असेल. मंगळसूत्र आणि टाक एकाच दिवशी गळ्यात पडले.

गावाने त्या गेलेल्या पोरीची हडळ करून टाकली. दिवेलागणीनंतर विहिरीवर बाई फिरकत नसे. पोर रडायला लागलं की आया तिचाच धाक घालायच्या. आणि आमच्या बाबांनी सगळ्यांना देवापुढे उभं करून शपथ घातली, की या छपराखाली तिचं नाव पुन्हा निघता कामा नये. नाव घेतलं की ती येते. मी तेव्हा मिसरूड फुटलेला, पण शपथ ती शपथ. त्यामुळे झालं काय, की वैनीने जिला जन्मभर गळ्यात वागवलं तिचं नाव तिला कोणी सांगितलंच नाही. दादाला विचारलं तर दादा उठून बाहेर जायचा. सासूला विचारलं तर तिने कानावर हात ठेवले. गावातल्या बायका तर तिला हडळच म्हणायच्या, नाव त्याही घेत नसत. मग एकेक करून सगळे गेले, दादाही गेला, आणि नाव ठाऊक असलेला मी एकटा उरलो.

"भावजी, तिचा नाव काय हो?" वर्षातून एकदोनदा तरी वैनी मला गाठायची.

"कोनाचा?"

"भोलं बनू नका. तुमाला ठावं हाय."

"ठावं हाय. सांगनार नाय. बाबांना सबूद दिलाय."

"बाबा जाऊन किती वर्सा झाली!"

"सबूद नाय गेला."

"मंग आज सबूदच खा. भाकरी नाय मिलाची."

आणि खरंच नाही मिळायची. आमची घरं भिंतीला भिंत लागून. माझी बायको लवकर गेली, तेव्हापासून मी वैनीच्याच चुलीवर जेवायचो. त्या दिवशी मी लाह्या-गूळ खाऊन झोपायचो, पण तोंड उघडायचो नाही. मी चौथी शिकलो, तीही मास्तरांनी वर ढकललं म्हणून. पण दिलेला शब्द पाळायला शाळा लागत नाही.

सिनेमाचा नाद तिला लागला तो चुकून. दोन हजार सालानंतरची गोष्ट. तिचा मुलगा द्रोणागिरीच्या गोदामात कामाला लागला आणि त्याने सीडीचं मशीन घेतलं. उरण नाक्यावर सलीमचं सीडीचं दुकान होतं. सलीम म्हणजे दाढी राखलेला, गोडबोल्या माणूस. गिऱ्हाईक ओळखून माल द्यायचा. वैनी मच्छी बाजारातून येताना तिथे गेली आणि म्हणाली, "देवीचा एकादा पिक्चर दे." तो दुसऱ्या गिऱ्हाइकात होता. त्याने समोरच्या ढिगाकडे हात केला. वैनीने स्वतःच एक उचललं. वरच्या चित्रात पांढऱ्या कपड्यातली, केस मोकळे सोडलेली बाई उभी. मागे तळं. वैनीला वाटलं, असेल कुठली तरी जलदेवता.

घरी येऊन तिने पाय धुतले, टीव्हीपुढे उदबत्ती लावली, वाटीत साखर ठेवली आणि हात जोडून बसली. शेजारच्या दोन बायकांनाही बोलावलं. सिनेमा होता थायलंडचा. अर्धा तास काहीच होत नव्हतं, नुसतं तळं, भाताची शेतं आणि नवराबायको. वैनी मधेमधे नमस्कार करत होती. मग ती पांढऱ्या कपड्यातली पाण्यातून वर आली आणि नवऱ्याच्या मानेवर चढून बसली. शेजारच्या बायका किंचाळत पळाल्या. वैनी जागची हलली नाही. मी आवाज ऐकून गेलो तर ती हात जोडलेलेच ठेवून पुढे वाकून बघत होती.

"काय गो, कसली देवी ही?"

"देवी नाय," वैनी म्हणाली. "आपल्यातलीच कोन तरी हाय. बसा गप."

दुसऱ्या दिवशी सीडी परत करताना सलीमने कपाळाला हात लावला. "या अल्लाह! चाची, ही तुम्ही कशी नेली? रात्री झोप लागली ना?"

"झोप लागली. दुसरी दे. अशीच बाईची दे."

मग काय, ठरूनच गेलं. बाजार आटपला की दुपारी सिनेमा. जपानचा, कोरियाचा, थायलंडचा, कधी हाँगकाँगचा. सलीम नवा माल आला की तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. "चाची, हे कोरियाचं एकदम खतरनाक आहे, दिल कमजोर असेल तर नेऊ नका," असं म्हणायचा. वैनी म्हणायची, "माजा दिल दोन बायांचा हाय, दे."

भाषा तिला कळत नव्हती, खाली इंग्रजी पळायचं ते तर मुळीच नाही. म्हणून तिचं काही अडलं नाही. पळालेल्या बायका हळूहळू परत आल्या आणि वैनी त्यांना सगळं सांगू लागली. मांडीवर सूप, सुपात सुका जवळा, हात निवडण्यात आणि तोंड सांगण्यात. "ही थोरली नणंद. हिच्या मनात पाप हाय. बघ कशी चा देते. ही नवी सून, हिला कोनी सांगितला नाय आधी कोन मेली ती. तो भाऊ. भावाला सगला ठावं हाय पर तो बोलत नाय." हे बोलताना माझ्याकडे बघायची. जपानच्या पोरींना तिने बेबी, हिरा, बारकी अशी नावं ठेवली होती. पडद्यावरचे लोक चार शब्द बोलले तरी वैनी चाळीस बोलायची, आणि शपथेवर सांगतो, ऐकणाऱ्याला तेच खरं वाटायचं. सलीमने एकदा खरी गोष्ट सांगितली तर बायका म्हणाल्या, "तुला नाय कलला तो पिक्चर."

तेव्हा एका सिनेमाच्या दोन सीड्या असायच्या. एकदा सलीमने पहिली कोरियाची दिली आणि दुसरी भलत्याच जपानी सिनेमाची. मध्यंतरात सीडी बदलली तर घर बदललं, नवरा बदलला, भूत तर उंच होतं ते बुटकं झालं. बायका गोंधळल्या. वैनीने जवळ्यातला कचरा फुंकला आणि म्हणाली, "पयलीचा आत्मा आता हिच्यात आला. यो तिचा दुसरा नवरा." आणि शेवटापर्यंत असा नेला, की दोन बायकांनी डोळे पुसले. संध्याकाळी सलीम स्वतः स्कूटरवर बरोबर सीडी घेऊन आला. वैनीने ती घेतलीच नाही. म्हणाली, "आमचा पिक्चर झाला. चांगला होता."

मीही बसायचो. आवड म्हणून नाही, चहा तिथेच मिळायचा म्हणून. भुताची भीती म्हणाल तर आमचं अर्धं आयुष्य खाडीकाठच्या मिठागरांवर राखणीत गेलं. पाण्यातला गिऱ्हा मी पाहिलेला आहे, कमरेपर्यंत पाण्यात उभा, मासा मागत होता. वैनी बायकांना सांगायची, "भावजींचा गिऱ्हा मी पन पायलाय. ताडीच्या बाटलीत रायचा." सिनेमा बघताना मी खाटेवर पाय वर घेऊन बसायचो, त्यावरही ती हसायची. गुडघे दुखणाऱ्या माणसाने पाय वर घेऊ नयेत काय?

एकदा मी तिला सरळ विचारलं, की इंग्रजी भुतांचे सिनेमे एवढे येतात, ते का बघत नाहीस. सलीमने दोनचार दिले होते. तिने तोंड वाकडं केलं.

"तो भूत मना नाय पटत. तो आधीचाच माजलेला. घरात शिरतो, भांडी फोरतो, पोरीच्या अंगात येतो. मंग पाद्री येतो, पानी मारतो, आरडाओरड, खलास. त्याला कोन इचारतो काय, बाबा रे, तुजा काय गेला? आनि ह्या बघा. चपला भायेर काढून घरात जातात. भात खातात. मेलेल्याच्या फोटोपुढं उदबत्ती लावतात, वाटी ठेवतात. सासू सासूवानी वागते. आनि शेवटाला कोन ना कोन जातो, बंद खोली उघरतो, तिची हाडा काढतो, तिला नावानं हाक मारून इचारतो. मंग ती रडते." मग म्हणाली, "भूत रडला पायजे, भावजी. रडला नाय तर नुसता धिंगाना."

मी म्हटलं, "तुला भीती कशी नाय वाटत?"

"वाटते की. पर ती भीती घरातली हाय."

यावर मी चहा घेतला.

पुढे सीड्या गेल्या. सलीमने दुकानात मोबाइलची कव्हरं लटकवली. शेवटच्या दिवशी उरलेल्या भुतांच्या सीड्या पिशवीत भरून त्याने वैनीला दिल्या. "चाची, अब कोई नहीं पूछता इनको," म्हणाला. वैनीने पिशवी छातीशी धरली. "आमी इचारू," म्हणाली. नंतर माझी नात, लेकीची मुलगी, माझ्याकडे राहायला आली, ती पेन ड्राइव्हवर काय काय आणून द्यायची, त्यामुळे वैनीची दुपार सुनी गेली नाही.

मग विमानतळ आला. म्हणजे विमान आलं नाही, नोटिसा आल्या. आजूबाजूची गावं उठायची, त्यात आमचं गाव. काही वर्षं मोर्चे झाले, बैठका झाल्या, मीही ओरडलो, शेवटी नव्या जागी प्लॉट मिळाले. लोक घरं बांधू लागले. गावकीच्या कमिटीत मी होतो. देव कधी हलवायचे, कोणता आधी, कोणी खांद्यावर घ्यायचा, हे मला विचारल्याशिवाय ठरलं नाही. गावदेवी वाजतगाजत गेली. मारुती टेंपोत बसून गेला. वेशीवरच्या राखणदाराचा दगड कोंबडा देऊन उचलला. सगळं रीतसर झालं म्हणून मी घरी येऊन पाय पसरले, तर वैनी समोर.

"बायचा काय?"

"कसला बायचा?"

"देव गेले, राखनदार गेला. बायचा काय?"

"ती तर तुज्या गल्यात हाय."

"गल्यात तिचा तोंड हाय. ती विहिरीत हाय." वैनीचा आवाज चढला. "परवा माती टाकनार त्या विहिरीत. वरनं इमाना जातील. गाव नाय, मानूस नाय, दिवा नाय. तिनं काय करायचा तिथं एकटीनं?"

"मंग जा. ओटी भर. ये म्हन."

"नुसता बाय बाय करून बोलवू? त्या विहिरीत का एकच बाय गेली आजपर्यंत? कनचीला वाटंल मना बोलवतात?"

मी म्हणालो, कमिटीचा माणूस हडळीला आमंत्रण देतो हे ऐकलं तर पंचक्रोशी हसेल. वैनी म्हणाली, पंचक्रोशी राहिलीय कुठे हसायला. मी म्हणालो, बाबांचा शब्द. वैनीने कपाट उघडलं, हिरवं लुगडं काढलं, बांगड्या, नारळ, हळदकुंकवाचा करंडा पिशवीत भरला आणि म्हणाली, "तिचा नाव मिलल्याबिगर मी नव्या घराची पायरी चढनार नाय. तुमी जा. देवांबरोबर ऱ्हावा."

तिने ते खरं केलं. दुसऱ्या दिवशी आमच्या घरांची कौलं उतरली, वासे निघाले, वैनीच्या मुलाने सामान टेंपोत भरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला तेव्हा वैनी विहिरीच्या कठड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. साइटवरचा एक साहेब मोबाइल कानाला लावून दुरून ओरडत होता, म्हातारीला बाजूला करा. मुलगा विनवण्या करत होता. मी म्हणालो, "वैनी, तमाशा पुरे."

"तमाशा तुमी लावलाय. दोन अक्षरांचा काम."

जेसीबीचा ड्रायव्हर उत्तरेकडचा होता, बिहारचा की कुठला. तो इंजिन बंद करून खाली उतरला. काय झालं विचारलं. वैनीने त्याला तिच्या हिंदीत सगळं सांगितलं. "ये मेरी सवत है. मर गयी इधर. उसको घर ले जानेका है. नाम नै मालूम. इसको मालूम है, ये बोलता नै." आणि माझ्याकडे बोट. ड्रायव्हरने विहिरीत वाकून बघितलं, मग चपला काढून बाजूला ठेवल्या.

"माताजी, हमारे यहाँ भी एक है, गाँव में, पोखर पर," तो म्हणाला. "बिना बुलाए मिट्टी डालेंगे तो हमको नींद नहीं आएगी." मग माझ्याकडे वळून अदबीने म्हणाला, "चाचा, नाम बोल दीजिए. नाम से नहीं बुलाओगे तो बेचारी समझेगी कैसे?"

साहेब ओरडतच होता. ड्रायव्हर तंबाखू मळत बसला. म्हणजे तोही आता माझ्या तोंडाकडे बघत होता, मुलगा बघत होता, वैनी बघत होती. मी आमच्या घराकडे पाहिलं. चार भिंती उभ्या होत्या. वर आकाश.

बाबांची शपथ मला शब्दन् शब्द पाठ होती. या छपराखाली नाव निघायचं नाही. आता छप्पर कुठे होतं? कौलं टेंपोत होती, वासे सुकापूरच्या भंगारवाल्याने नेले होते. मी शब्द मोडला असं कोणी म्हणू नये म्हणून हे लिहून ठेवतो.

"मंजुळा," मी म्हणालो.

वैनीने पिशवी खाली ठेवली. "काय?"

"मंजुळा. तिचा भाऊ तिला न्यायला आला होता आखाडात. दारातून हाक मारली, मंजुळे, चल. आमच्या आईने पाठवली नाही. तो परत गेला. तेव्हा ऐकलेलं."

वैनी काही वेळ नुसती ओठ हलवत राहिली, जसं तोंडात नवा पदार्थ घेऊन बघतात. मग म्हणाली, "माहेरचा नाव." आणि मला म्हणाली, "मारा हाक. तुमी मारा. मना ती वलखत नाय, तुमचा आवाज तिनं ऐकलेला हाय."

मी कठड्याला धरून वाकलो आणि हाक मारली. पुष्कळ वर्षांत त्या विहिरीत कोणी ओरडलं नव्हतं. खालून तेच नाव घुमून वर आलं. ड्रायव्हरने कानाला हात लावून नमस्कार केला. वैनी मोठ्याने हसली, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हुंकार दिला बघा," म्हणाली. "रुसून बसली व्हती."

तिने लुगडं, बांगड्या, नारळ पाण्यात सोडले, कठड्यावर हळदकुंकू वाहिलं आणि निघाली. मागे वळून बघायचं नाही, अशी रीत. टेंपोपर्यंत ती सरळ पुढे बघत चालली आणि तोंडाने एकसारखी सांगत होती. "ये गो मंजुला. हितं खड्डा हाय, संभाल. ही गारी. यो माजा पोरगा, तुजाच म्हन. ते भावजी, ते म्हातारे झाले, त्यांना ओलखशील का?" टेंपोत मी तिच्या शेजारी बसायला गेलो तर मला हाकललं. "पुढं बसा डायवरजवल. तिला जागा नको का?"

नव्या घरात वैनी खालच्या मजल्यावर, मी वरच्या. दुपारी पुन्हा सिनेमे सुरू झाले. फरक एवढाच, की आता खालून ऐकू यायचं, "मंजुला, ही बघ, हिला पन भावानं नेली नाय." बाकी वैनी तशीच. मी पाय वर घेतले की हसणारी. पण एक सांगतो, त्यानंतर तिने भुताचा सिनेमा शेवटापर्यंत बघितला असं फारसं झालं नाही. भूत रडलं की ती बंद करायची. पुढचं तिला बघायचं नसायचं.

दोनेक वर्षांनी तिला श्वास लागायला लागला. पनवेलच्या एका दवाखान्यात ठेवली. पांढऱ्या भिंती, लांबलचक पॅसेज, टोकाला लिफ्ट. वैनी उशीला टेकून ते सगळं खुशीत बघत होती. "भावजी, हा तर कोरियाचाच," म्हणाली. "आता त्या लिफ्टमधनं कोन तरी येल बघा, मान वाकरी करून." लिफ्ट उघडली, नर्स आली. वैनीची निराशा झाली.

नर्सने सुई दिली, कागदावर काही लिहिलं आणि गेली. वैनी माझ्याकडे वळली.

"भावजी, माजा नाव काय?"

"कागदावर लिवलाय ना."

"कागद नको. तुमाला ठावं हाय का?"

मला ठाऊक होतं. लग्नात भटजींनी विचारलेलं मी ऐकलं होतं. "भागीरथी," मी म्हणालो.

"ठावं हाय तर." तिला एवढं बरं वाटलं, की ती उशीवरून उठून बसली. "तुमच्या दादांनी कधी घेतला नाय. सासूनं 'गव्हानवाली' म्हटला. मंग काकी झालू, आजी झालू. एकदा मारा हाक. त्या दिवशी तिला मारली तशी."

मी इकडेतिकडे बघितलं. बाजूच्या खाटांवर माणसं, त्यांचे नातेवाईक, दारात वॉर्डबॉय. "हितं?" मी म्हणालो. "लोक काय म्हनतील. घरी चल, मंग मारतो."

"बरं," वैनी म्हणाली.

ती घरी आली नाही. मुलाने रीतीप्रमाणे सगळं केलं. टाक तिच्या गळ्यातच ठेवला, काढायला कोणाचा हात झाला नाही.

परवा दुपारी मी खाली गेलो. पुतण्या कामावर, घर रिकामं. नातीने भरून ठेवलेला एक जपानी सिनेमा लावला. माणसं बोलत होती, खाली इंग्रजी पळत होतं, आणि मला काय चाललंय ते कळेना. ही कोण, त्याची बहीण की बायको, कोणाच्या मनात पाप आहे, काही सांगणारं नाही. भूत आलं तरी नुसते ओले केस दिसले. मी बंद केला. खोलीत शांत झालं. मग मी उभा राहिलो आणि हाक मारली.

"भागीरथी!"

वरून नात धावत खाली आली. "काय झालं आबा? कोण भागीरथी?"

"तुझी मोठी आजी."

"मोठ्या आजीचं नाव भागीरथी होतं?"

"मग काय, मोठी आजी असं नाव असतं का माणसाचं?"

ती खाटेच्या कडेला बसली. कॉलेजात शिकते, सिनेमे तिनेच आणून दिलेले, रोज शेजारी बसून बघितलेले. मग म्हणाली, "परत मारा ना."

मी मारली. खिडक्या सगळ्या उघड्या होत्या. अख्ख्या आळीला ऐकू गेली असेल.